भाषांतराचा मोबदला: दक्षिणेपासून बिलापर्यंत

भाषांतर ह्या विषयावर आपल्याकडे पुष्कळ बोललें गेलें आहे. तें मुळाला धरून असावें कीं मोकळें असावें, शब्दाला शब्द ठेवावा कीं भावाला भाव, ह्याची चर्चा दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. परंतु भाषांतर करणाऱ्याला त्याचे पैसे केव्हां मिळतात, हा प्रश्न विद्वानांच्या चर्चेंत सहसा येत नाहीं. मी स्वतः बोरिवलीस राहून गेलीं वीस वर्षें हाच धंदा करीत आलों आहें. म्हणून हा रुक्ष दिसणारा विषय आपणांपुढें मांडण्याचें धाडस करितों.

उपनगरांत हा धंदा घरोघरीं चालतो, पण दिसत नाहीं. अंधेरीच्या ध्वनिमुद्रणगृहांतून परभाषेंतील चित्रपटांना मराठी संवाद दिले जातात. घाटकोपर-मुलुंडकडे गुजराती दस्तऐवज मराठींत आणि मराठी दस्तऐवज गुजरातींत करून देणारीं माणसें आहेत. यांतील बहुतेक कोणाच्याच पगारपत्रकावर नसतात. काम यावें, तें रात्रीं जागून पुरें करावें, बिल पाठवावें आणि मग वाट पाहावी, असा हा क्रम. ही वाट पाहण्याची रीत आली कोठून, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

१८२२ सालीं मुंबईंत शाळापुस्तकें तयार करविण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' १८२८ सालीं निघालें तें ह्याच खटपटींतून. छत्रे व त्यांच्यामागून बाळशास्त्री जांभेकर हे त्या संस्थेच्या चाकरींत होते. अमुक पानांचे पैसे केव्हां, हा प्रश्न पगारी माणसापुढें नव्हता. तो उभा राहिला तो चाकरींत नसलेल्या लेखकापुढें. आणि त्याची सोय लागली ती, नवल वाटेल, दक्षिणेंतून.

विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केला आणि पेशव्यांनीं तो पुण्यास पुढें चालविला, हें आपणांस ठाऊक आहेच. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें तो एकदम बंद केला नाहीं; वर्षाला पन्नास हजार रुपये राखून ठेविले, व त्यांतूनच १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें १८४९ च्या सुमारास लोकहितवादींनीं व पुण्यांतील कांहीं तरुणांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, ह्या पैशांतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. शहरांत मोठी खळबळ उडाली. पण अर्जाचा उपयोग झाला, आणि १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. मराठी ग्रंथकाराला आणि भाषांतरकाराला मिळालेला एक पहिला जाहीर मोबदला हा दानाच्या पैशांतून आला, आणि नांवानें तो बक्षीस होता. जुन्या दक्षिणेला निदान महिना तरी ठरलेला असे. श्रावण आला कीं ब्राह्मण पुण्याची वाट धरीत. बक्षिसाला मात्र परीक्षकाची पसंती लागते, आणि पसंती केव्हां यावी ह्याला पंचांग नाहीं.

ही पसंतीची सत्ता किती मोठी होती हें मेजर टॉमस कँडी यांच्या उदाहरणावरून दिसतें. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे हे गृहस्थ पुढें सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. १८६० च्या दंडसंहितेचें मराठी भाषांतर त्यांचेंच. शाळाखात्याच्या पुस्तकांवर त्यांची नजर फिरत असे, आणि त्यांनीं घालून दिलेलें वळण कित्येक वर्षें टिकलें. मी कँडीसाहेबांना नांवें ठेवणार नाहीं. आज आपण जीं विरामचिन्हें वापरतों तीं मराठींत रुळविण्याचें श्रेय बरेंच त्यांच्याकडे जातें. पण काम लेखकानें हवालीं केलें तेव्हां नव्हे, तर तपासणारा पुरें झालें म्हणेल तेव्हां पुरें होतें, ही समजूत अशाच व्यवस्थेंत मुरली. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक कमिटीपुढें ठेविलें. तें भाषांतर नव्हे, परंतु गोष्ट लागू पडते. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. तें नाटक छापून निघावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १८९४ सालीं राजवाड्यांनीं 'भाषांतर' नांवाचें मासिक काढून सरकाराऐवजीं वर्गणीदारावर भार टाकून पाहिला. तें कांहीं वर्षांतच थांबलें. १९१२ सालीं सयाजीराव महाराजांनीं दोन लाख रुपये बाजूस काढले व त्यांच्या व्याजांतून ग्रंथ निघाले. दोन्ही प्रयत्न थोर खरे; पण एकांत वर्गणीदाराचा उत्साह आणि दुसऱ्यांत राजाचें औदार्य, ह्यांवरच सारें अवलंबून. काम करणाऱ्याचा हक्क असा कोठें दिसत नाहीं.

आणि ह्याच मुंबईंत व्यापारी काय करीत होते? ते हुंडी लिहीत होते. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे, आणि मुदती हुंडी असेल तर कागदावरच दिवस लिहिलेले. कोणी सावकार हुंडी घेऊन आलेल्याला, आमच्या साहेबांनीं अजून वाचली नाहीं, असें सांगत नसे. आम्ही भाषांतरकारांनीं मात्र आमच्या मोबदल्याला 'मानधन' म्हटलें. ह्या शब्दाचा मला फार राग आहे. त्यांतला मान आधीं मिळतो, धन मागाहून; आणि मानासाठीं आलेल्या धनाची तारीख विचारणें सभ्य माणसाला जड जातें.

ही स्थिति कागदावर तरी पालटली ती २००६ सालीं. त्या वर्षींच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानें, नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे केव्हां द्यावयाचे हें ठरवून दिलें. आणि घरीं बसून एकट्यानें काम करणारा भाषांतरकारहि अशी नोंदणी करूं शकतो. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवस. करार असला तरी पंचेचाळिसांहून अधिक नाहीं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, महिन्याच्या चक्रवाढीनें व्याज. परंतु माझ्या मतें त्यांतील खरी मोलाची गोष्ट व्याज नव्हे. काम हवालीं केल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत गिऱ्हाइकानें लेखी हरकत घेतली नाहीं, तर तें हवालीं केल्याच्या दिवशींच स्वीकारलें असें धरावयाचें! कँडीसाहेबांच्या काळापासून परीक्षकाच्या खिशांत असलेलें घड्याळ ह्या एका कलमानें काढून घेतलें. २०२३ च्या अर्थसंकल्पानें आणखी एक टोंचणी लाविली: सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतींत न दिल्यास, ते प्रत्यक्ष चुकते करीपर्यंत देणाराला तो खर्च आपल्या उत्पन्नांतून वजा दाखवितां येईना.

तक्रारीसाठीं परिषदा आहेत, निकालासाठीं कायद्यांत नव्वद दिवस लिहिले आहेत; प्रत्यक्षांत पुष्कळदां त्याहून अधिक लागतात. शिवाय आठ हजारांच्या बिलासाठीं गिऱ्हाईक तोडणार कोण? म्हणून आमच्यांतील बहुतेक जण ती पायरी चढत नाहींत. पण तारीख आणि मुदत लिहिण्याला पैसा पडत नाहीं.

एक अनुभव सांगतों. अंधेरीच्या एका कचेरीनें, नांव नको, माझें काम घेऊन सात महिने पैसे दिले नाहींत. विचारलें कीं उत्तर एकच: मजकूर अजून तपासला नाहीं. शिवाय शेवटीं शब्द मोजले ते मराठी. इंग्रजींतील 'फ्रॉम द हाउस' हे तीन शब्द मराठींत 'घरांतून' असा एकच होतात. म्हणजे विभक्तिप्रत्यय जोडून लिहिण्याच्या आपल्या भाषेच्या रीतीचा भुर्दंड मला पडला.

तेव्हांपासून काम घेण्यापूर्वीं मीं तीन गोष्टी लिहून घेऊं लागलों: शब्द मूळ भाषेचे मोजावयाचे, हरकत पंधरा दिवसांत लेखी द्यावयाची, आणि पैसे तिसाव्या दिवशीं. बिलावर अनुक्रमांक, नोंदणीचा क्रमांक आणि काम पोंचविल्याची तारीख घालतों, आणि 'मानधन' हा शब्द खोडून 'भाषांतराची मजुरी' असें लिहितों. गेल्या वर्षीं एका गिऱ्हाइकानें बरोबर चौदाव्या दिवशीं हरकत पाठविली. तीन वाक्यें त्यांना पसंत नव्हतीं. दोन माझीं खरोखरच चुकलीं होतीं, तीं त्याच रात्रीं सुधारून दिलीं. तिसऱ्यांतील चूक मुळांतच होती, तीहि दाखविली. पैसे अठ्ठाविसाव्या दिवशीं आले.