संगणक बदलला, मजकूर मागे राहिला

विंडोज ९८ च्या काळात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका, स्मरणिका मराठीत जुळवल्या जात. पण खुद्द संगणकाला मराठी येत नव्हती. त्या वेळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की नुसती अगम्य चिन्हे दिसत.

देवनागरीला स्वतंत्र संकेत देणारे युनिकोड १९९१ मध्ये तयार झाले होते. पुढे विंडोज २००० आणि २००१ ची एक्सपी यांमध्ये ते मंगल फॉन्टसह मराठीसाठी उपलब्ध झाले. एक्सपीत मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करून, सीडी घालून ही सोय बसवावी लागे.

प्रणाली बदलली, तरी जुन्या फायली आपोआप बदलल्या नाहीत. त्या परिवर्तकातून काढून रफार, वेलांट्या, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. एक्सपीचे पाठबळ २०१४ मध्ये थांबले; जुनी यंत्रे एकेक करून भंगारात गेली. एखादे अजून माळ्यावर असेल, तर विकण्याआधी त्यातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा. संगणक दुसरा घेता येतो. गावची स्मरणिका पुन्हा कोण लिहिणार?