महाराष्ट्र खुल्या टेनिस स्पर्धेतील पुरुष दुहेरी

पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१८ ते २०२३ या काळात झालेली महाराष्ट्र खुली टेनिस स्पर्धा ही त्या वर्षांत एटीपी दौऱ्याच्या मुख्य पातळीवरील भारतातील एकमेव स्पर्धा होती. करोना साथीमुळे २०२१ मध्ये ती होऊ शकली नाही. त्यामुळे एकूण पाच वेळा ती खेळली गेली. या पाचही वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीत एकही भारतीय पोहोचला नाही. दुहेरीत मात्र पाचपैकी तीन अंतिम लढतींत भारतीय खेळाडू होते आणि दोन विजेतेपदे भारताकडे आली. भारतीय टेनिसच्या दृष्टीने या स्पर्धेचे खरे महत्त्व दुहेरीत होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

स्पर्धेचा वारसा चेन्नईचा. १९९६ मध्ये नवी दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा पुढील वर्षी चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तेथेच राहिली. तेथे लिअँडर पेस व महेश भूपती यांनी १९९७, १९९८ व १९९९ असे सलग तीनदा आणि पुढे २००२ व २०११ मध्ये दुहेरीचे विजेतेपद मिळविले. पेसने २०१२ मध्ये सर्बियाच्या यांको टिप्सारेविचसह सहाव्यांदा करंडक उंचावला. राफेल नदालचे नावही या विजेत्यांच्या यादीत आहे, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. २००४ च्या जानेवारीत त्याने टॉमी रॉब्रेडोच्या साथीने चेन्नईत दुहेरी जिंकली, तेव्हा एटीपी दौऱ्यावरील एकेरीचे एकही विजेतेपद त्याच्या नावावर नव्हते. चेन्नईतील अखेरच्या वर्षी, २०१७ मध्ये, अंतिम सामन्याचे चारही खेळाडू भारतीय होते. त्यात रोहन बोपण्णा व जीवन नेदुंचेळियन यांनी पूरव राजा व दिविज शरण यांना ६-३, ६-४ असे हरविले.

एटीपी २५० दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीसाठी सोळा जोड्या असतात आणि चार सामने जिंकणारी जोडी विजेती ठरते. पहिले दोन सेट नेहमीप्रमाणे होतात. बरोबरी झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेकर खेळविला जातो. गेममध्ये ड्यूस झाल्यावर ‘अ‍ॅडव्हांटेज’ नसतो. पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो आणि सर्व्हिस कोणी परतवायची, हे ती स्वीकारणारी जोडी ठरविते. या नियमांमुळे सामने आटोपशीर होतात, परंतु नशिबाचा वाटाही वाढतो. मानांकित जोडी सलामीलाच गारद होण्याचे प्रसंग त्यामुळे विरळ नाहीत.

पुण्यातील पहिल्या वर्षी नेदरलँड्सचे रॉबिन हासे व मॅटवे मिडेलकूप विजेते ठरले. त्यांनी अंतिम फेरीत फ्रान्सच्या पिएर-ह्युग हर्बर्ट व जिल सिमोन यांना दोन्ही सेटमध्ये टायब्रेकरवर नमविले. सिमोनने त्याच वर्षी येथे एकेरी जिंकली होती. २०१९ मध्ये बोपण्णा व शरण यांनी ब्रिटनच्या ल्यूक बॅम्ब्रिज व जॉनी ओमारा यांच्यावर ६-३, ६-४ अशी मात केली. याच जोडीने काही महिन्यांपूर्वी, २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले होते. चेन्नईत अंतिम फेरी हरलेल्या शरणला मायदेशातील करंडक दोन वर्षांनी पुण्यात मिळाला.

२०२० मध्ये स्वीडनचा आंद्रे गोरान्सन व इंडोनेशियाचा क्रिस्टोफर रुंगकाट यांनी बाजी मारली. पेसने आपल्या कारकिर्दीचे अखेरचे वर्ष म्हणून जाहीर केलेल्या त्या हंगामात तो बालेवाडीत ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनसह उतरला होता. हाच एब्डन पुढे बोपण्णाचा साथीदार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये दोघांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्यानंतर बोपण्णा वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला.

२०२२ मध्ये बोपण्णाने पुण्यात दुसरे विजेतेपद मिळविले, ते रामकुमार रामनाथनच्या साथीने. ल्यूक सॅव्हिल व जॉन-पॅट्रिक स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीविरुद्ध पहिला सेट टायब्रेकरमध्ये गमावल्यावर त्यांनी ६-७, ६-३, १०-६ असा विजय खेचून आणला. रामकुमारचे हे दौऱ्यावरील दुसरे विजेतेपद. पहिले त्याने महिनाभरापूर्वी बोपण्णासोबतच ॲडलेडमध्ये मिळविले होते.

अखेरच्या, म्हणजे २०२३ च्या स्पर्धेची कथा सर्वांत बोलकी आहे. एन. श्रीराम बालाजी व जीवन नेदुंचेळियन यांना सोडतीत पर्यायी जोडी म्हणून जागा मिळाली. त्यांनी राजीव राम व जो सॅलिसबरी या अव्वल मानांकितांना स्पर्धेबाहेर काढले आणि अंतिम फेरी गाठली. तेथे बेल्जियमच्या सँडर गिले व योरान व्लीगेन यांनी त्यांना ६-४, ६-४ असे रोखले.

अशी मजल मारण्याचा अर्थ गुणांत मोजता येतो. या दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीतील विजेत्यांना प्रत्येकी २५०, उपविजेत्यांना १५०, तर उपांत्य फेरीत हरणाऱ्यांना ९० गुण मिळतात. हे गुण वर्षभर क्रमवारीत धरले जातात, आणि जोडीतील दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहूनच मोठ्या स्पर्धांत प्रवेश दिला जातो. क्रमवारीत मागे असलेल्या भारतीय जोडीला मायदेशातील स्पर्धेत वाइल्ड कार्डची आशा असते. परदेशात तेच कार्ड बहुधा तेथील खेळाडूंना जाते.

२०२४ च्या एटीपी वेळापत्रकात पुण्याचे नाव नव्हते. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हाँगकाँगमध्ये स्पर्धा झाली. बालेवाडीत त्या वर्षी चॅलेंजर पातळीची स्पर्धा भरली. तिचे गुण आणि पारितोषिके मुख्य दौऱ्यापेक्षा कमी असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये जीवनने विजय सुंदर प्रशांतच्या साथीने एटीपी २५० दर्जाचे विजेतेपद मिळविले. ते चीनमधील हांगझोऊ येथे.