दोन हेन्रींच्या दोन मोटारी

हेन्री रॉइस आणि हेन्री फोर्ड हे दोघेही १८६३ सालीं जन्मले. एक इंग्लंडांतील पीठगिरणीवाल्याचा मुलगा, दुसरा अमेरिकेंतील शेतकऱ्याचा. दोघांचेंही शालेय शिक्षण बेताचें. दोघेही कारखान्यांत उमेदवारी करून यंत्रविद्या शिकले. परंतु मोटारगाडी कशी असावी, या एकाच प्रश्नाला त्यांनीं दिलेलीं उत्तरें मात्र अगदीं निराळीं होतीं.

रॉइस यांची गाडी १९०६ सालीं लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनांत लोकांपुढें आली. सहा सिलिंडरांचें, सात लिटरांचें इंजिन. शक्ति सुमारे ४८ अश्वांची. रुपेरी रंगाच्या एका गाडीला मिळालेलें 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत, हें नांव पुढें त्या सबंध जातीलाच चिकटलें. कारण ती भुतासारखी निःशब्द चाले. १९०७ सालीं रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं तिनें १५,००० मैलांची परीक्षा दिली. त्यांत यंत्राच्या दोषामुळें एकदांही न थांबतां तिनें सलग १४,३७१ मैल कापले. १९०८ सालीं मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणींत याच जातीच्या 'पर्ल ऑफ द ईस्ट' या गाडीनें आपल्याकडील घाटही चढून दाखविले.

फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ च्या ऑक्टोबरांत आली. चार सिलिंडर, २.९ लिटरांचें इंजिन, २० अश्वशक्ति आणि ताशीं ४० ते ४५ मैलांचा वेग. पुढें जाण्यास अवघे दोन गिअर. परंतु व्हॅनेडियममिश्रित पोलादामुळें ती हलकी व चिवट होती, आणि खेड्यांतील चिखलाच्या वाटांवर अडून बसत नसे. सिल्व्हर घोस्टच्या नुसत्या सांगाड्याला सुमारे एक हजार पौंड, म्हणजे जवळजवळ पांच हजार डॉलर पडत. मॉडेल टी ही सबंध गाडी ८५० डॉलरांना मिळे.

हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे एक नवल ध्यानांत येतें. दर लिटरामागें दोन्हीं इंजिनांची शक्ति सुमारे सात अश्वांचीच भरते. तेव्हां खरा भेद शक्तींत नव्हता, तो घडणींत होता. रॉइस यांच्याकडे कुशल कारागीर एकेक भाग हातानें घासून जुळवीत. फोर्ड यांच्याकडे यंत्रेंच भाग इतके एकसारखे कापीत, कीं घासण्याची गरजच उरूं नये. १९१३ सालीं हायलंड पार्क येथें सरकता पट्टा आला, आणि सांगाडा जोडण्याचें साडेबारा तासांचें काम पुढील वर्षीं ९३ मिनिटांवर आलें. १९२५ सालीं सर्वांत स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरांना मिळूं लागली.

या स्वस्ताईची किंमत मात्र कामगारांनीं मोजली. दिवसभर एकच खिळा ठोकण्याला कंटाळून ते काम सोडून जाऊं लागले, आणि त्यांना टिकविण्यासाठीं १९१४ सालीं फोर्ड यांना दिवसाला पांच डॉलर देऊं करावे लागले.

१९२६ पर्यंत सिल्व्हर घोस्ट सुमारे आठ हजार निघाल्या; १९२७ पर्यंत मॉडेल टी दीड कोटींवर गेल्या. रॉइस यांनीं माणसाचा हात यंत्राइतका अचूक केला, फोर्ड यांनीं अचूकपणा हातांतून काढून यंत्राला दिला. आजची सामान्य मोटारही शांत व टिकाऊ असते. म्हणजे रॉइस यांचें ध्येय अखेर फोर्ड यांच्या मार्गानेंच घरोघर पोंचलें. वाटेंत हरवला तो कारागिराचा, आपल्या हातच्या कामाकडे पाहून वाटणारा अभिमान.