फाइल आणि मजकुराची इमेज करताना: आत काय घडते, काय हरवते आणि आपली कागदपत्रे कुठे जातात

कॉलेजचा प्रवेश असो, शिष्यवृत्ती असो की नोकरीचा अर्ज, ऑनलाइन फॉर्ममध्ये एक ओळ ठरलेली असते: फोटो आणि सही जेपीजीमध्येच, आणि तीही अमुक केबीच्या आत. घरात मात्र दाखला पीडीएफमध्ये असतो, बायोडेटा वर्डमध्ये असतो आणि आयफोनने काढलेला फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात असतो, जो बरेच फॉर्म घेतच नाहीत. मग मुलं 'पीडीएफ टू जेपीजी' असं सर्च करतात, जी साइट पहिली येईल तिच्यावर अब्बांचं आधार कार्ड टाकतात आणि काम उरकतात. अशा साइट आतून काय करतात, इमेज झाल्यावर कागदाचं काय उरतं आणि काय जातं, हे समजून घेतलं तर बरीच धावपळ वाचते. काही वेळा नुकसानही टळतं.

अक्षर आणि अक्षराचं चित्र

वर्ड फाइलमध्ये 'क' लिहिला की कॉम्प्युटर त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये तो २३२५ आहे. म्हणूनच फाइलमधला शब्द शोधता येतो, दुरुस्त करता येतो, कॉपी करता येतो. इमेज केली की हा क्रमांक जातो आणि राहतात फक्त काळे-पांढरे किंवा रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. माणसाला तो 'क' दिसतो, कॉम्प्युटरला नाही. पुढच्या बहुतेक अडचणी यातूनच येतात.

ठिपके किती घ्यायचे हे साइट किंवा ॲप ठरवते. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. इंचाला ७२ ठिपके धरले तर इमेज ५९५ बाय ८४२ ची होते, १५० धरले तर १२४० बाय १७५४ ची, आणि ३०० धरले तर २४८० बाय ३५०८ ची. शेवटच्या हिशेबात एका पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके झाले. ब्राउझर प्रत्येक ठिपक्याला चार बाइट देतो, म्हणजे एका पानाला मेमरीत जवळजवळ ३५ एमबी जागा लागते. साध्या मोबाइलवर वीस पानांची पीडीएफ एकदम इमेज करायला घेतली की ब्राउझर का बसतो, ते यावरून कळेल. फॉर्मसाठी १५० पुरतं. ७२ वर केलेला दाखला मोबाइलच्या स्क्रीनवर ठीक दिसतो, पण प्रिंट काढली की अक्षरं दाणेदार येतात.

मग जेपीईजी की पीएनजी? जेपीईजी ही पद्धत १९९२ साली प्रमाण म्हणून आली आणि ती फोटोंसाठी बनलेली आहे. ती चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देते. चेहऱ्यावर, आकाशावर हे खपतं. बारीक अक्षरावर खपत नाही, कडेला मळकट सावली येते. मराठीत सगळ्यात आधी अनुस्वार आणि रफार बळी पडतात. उर्दूत तर आणखी पंचाईत, कारण बे, पे, ते, से या अक्षरांचा सांगाडा एकच आणि ओळख फक्त नुक्त्यांच्या संख्येवर आणि जागेवर. नुक्ता पुसला की शब्दच बदलला. पीएनजीत तपशील टाकला जात नाही, त्यामुळे मजकुराच्या इमेजसाठी पीएनजीच चांगली. फॉर्मने जेपीजीच मागितली असेल तर मूळ फाइलपासून एकदाच बनवा. जेपीजीची पुन्हा जेपीजी, तिची परत जेपीजी, असं केलं की दर वेळी थोडा तपशील जातो.

साइज कमी करायचा क्रमही लक्षात ठेवा. आधी रिकाम्या कडा कापा, मग लांबी-रुंदी कमी करा, आणि क्वालिटी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. मोठी इमेज ठेवून क्वालिटी दहावर आणतात आणि मग मार्कशीटवरचे मार्क वाचता येत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. आयफोन असेल तर सेटिंगमधल्या 'कॅमेरा'त 'फॉरमॅट्स' उघडून 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो सरळ जेपीजीतच निघतात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ई-आधार किंवा डिजिलॉकरमधून घेतलेल्या बऱ्याच दाखल्यांच्या पीडीएफमध्ये डिजिटल सही असते. कागद खरा आहे की बदललेला, हे त्या सहीवरून तपासता येतं. इमेज केली की सही संपली. वरची हिरवी खूण दिसते, पण ती आता नुसतं चित्र आहे. आधारवरचा क्यूआर कोडही फार दाबलेल्या इमेजमध्ये स्कॅन होत नाही. त्यामुळे फॉर्म पीडीएफ घेत असेल तर पीडीएफच द्या, उगाच इमेज करू नका.

फाइल आपल्या फोनवर राहते की दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते?

दोन्ही प्रकारच्या साइट दिसायला सारख्याच. पहिल्या प्रकारात फाइल साइटच्या सर्व्हरवर अपलोड होते. तिथे लिबरऑफिससारखं सॉफ्टवेअर वर्डची पीडीएफ करतं, घोस्टस्क्रिप्ट किंवा इमेजमॅजिक पानाची इमेज बनवतं आणि तयार इमेज परत येते. 'तासाभरात फाइल डिलीट करतो' असं लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं, बाहेरून तपासायला काही मार्ग नाही.

दुसऱ्या प्रकारात सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये होतं. मोझिलाने बनवलेलं पीडीएफ-जेएस हे त्यातलं नावाजलेलं साधन, फायरफॉक्समध्ये पीडीएफ उघडते ती त्यावरच. ते पान कॅनव्हास नावाच्या कोऱ्या पाटीवर रेखाटतं आणि ब्राउझर त्या पाटीची जेपीजी किंवा पीएनजी करून देतो. फाइल फोनबाहेर जायची गरजच पडत नाही. गूगलच्या क्रोम टीमचं स्कूश हे ॲपही इमेज अशीच ब्राउझरमध्ये दाबून देतं.

ओळखायचं कसं? साइट उघडा, पूर्ण लोड होऊ द्या, मग मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि एखादी बिनकामाची फाइल देऊन पाहा. इमेज तयार झाली तर काम फोनवरच होतंय. एरर आली तर बहुधा फाइल बाहेर जाते. हे बिनकामाच्या फाइलवरच करा, आधार कार्डावर नाही.

ही भीती उगाच नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट कन्व्हर्टरच्या नावाखाली चालणाऱ्या बनावट साइटबद्दल लोकांना सावध केलं होतं. अशा साइट मागितलेली फाइल बदलून देतात, पण तिच्यासोबत घातक सॉफ्टवेअर पाठवतात किंवा फाइलमधली माहिती काढून घेतात. काम झालेलं दिसतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आधार द्यायचंच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि जिथे जन्मतारीख पुरते तिथे आधार देऊच नका.

एका बाबतीत मात्र इमेज पीडीएफपेक्षा सुरक्षित ठरते. पीडीएफमध्ये खाते क्रमांकावर काळी पट्टी ओढली तरी खालचा आकडा बऱ्याचदा तसाच राहतो. पट्टीवरून सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर येतो. पट्टी ओढून मग पानाची इमेज केली की पट्टीखाली काही उरतच नाही. पट्टी गडद आणि पूर्ण भरीव हवी. मोबाइलमधलं हायलायटर किंवा अर्धपारदर्शक पेन यासाठी चालत नाही, ब्राइटनेस वाढवला की आकडे दिसतात.

उर्दू आणि मराठी मजकुराची इमेज

मजकुराची इमेज करायची सवय आपल्याकडे शौकातून आलेली नाही, ती मजबुरीची आहे. नस्तालीक लिपीत शब्द तिरका उतरत जातो आणि अक्षराचा आकार शेजारच्या अक्षरावर ठरतो. मिर्झा अहमद जमील यांनी शब्दांचे तयार जोड लिहून नूरी नस्तालीक बनवली आणि १९८१ मध्ये दैनिक जंगने ती छपाईत आणली, तोपर्यंत उर्दू अखबार कातिबांच्या हातानेच लिहिले जात होते. पुढे इनपेज आलं, पण त्यातला मजकूर साइटवर जसाच्या तसा चढत नव्हता. म्हणून इंटरनेटवरचे सुरुवातीचे उर्दू अखबार कॉलमच्या कॉलम इमेज म्हणून टाकायचे. मराठीतही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केला की कचरा दिसतो, म्हणून लोक पानाचा फोटो टाकतात. आता युनिकोड आहे, नोटो नस्तालीकसारखे फॉन्ट फुकट मिळतात, तरी सवय राहिली.

वेब ॲप बनवणाऱ्या आपल्या मुलांसाठी थोडं तांत्रिक. आपल्या लिपीत अक्षरं साठवायचा क्रम आणि दिसायचा क्रम वेगळा असतो. 'कि'मध्ये वेलांटी साठवली जाते नंतर, पण दिसते आधी. हे जुळवण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. ब्राउझरचा कॅनव्हास ते स्वतः करतो. पायथनमधलं पिलो मात्र राक्म ही लायब्ररी सोबत असेल तरच नीट करतं. ती नसेल तर मराठीची वेलांटी भलतीकडे जाते आणि उर्दूची अक्षरं सुटी सुटी, उलट्या दिशेने पडतात. एचटीएमएल-टू-कॅनव्हास वापरत असाल तर अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, नाहीतर ते एकेक अक्षर वेगळं काढतं आणि जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट लोड व्हायच्या आधी कॅनव्हासवर लिहिलं तर भलत्याच फॉन्टमध्ये इमेज निघते, म्हणून आधी फॉन्टची वाट पाहा. कॅनव्हास ओळही आपोआप मोडत नाही. मजकूर लांब असेल तर सर्व्हरवर पपेटिअरने पान उघडून स्क्रीनशॉट घेणं सोपं पडतं. त्या सर्व्हरवर देवनागरी आणि अरबी फॉन्ट टाकलेले हवेत, नसतील तर चौकोनी डबे दिसतात.

तयार इमेज बेस-६४ मजकूर करून पाठवू नका, तिचा आकार एक तृतीयांशाने वाढतो. ब्लॉब म्हणून पाठवा. आणि लोकांच्या फाइल सर्व्हरवर घेणार असाल तर सॉफ्टवेअर अपडेट ठेवा. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये अशी चूक सापडली होती की मुद्दाम बनवलेली एक इमेज अपलोड करून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता यायची.

टाइमटेबलची इमेज

यातला सगळ्यात नाजूक मामला सहरी-इफ्तारच्या टाइमटेबलचा. दर रमजानला ते इमेज म्हणूनच फिरतं. पण इमेज एकदा सुटली की दुरुस्त करता येत नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सुमारे ६.२ अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटं धरली तर साधारण २५ मिनिटं होतात, ऋतूप्रमाणे थोडी कमीजास्त. मुंबईत बसून नागपूरच्या इमेजवर इफ्तार केला तर सूर्य मावळायच्या आधीच रोजा सुटतो. नागपुरात मुंबईची इमेज पाहिली तर सहरीची वेळ संपल्यावरही खाणं चालू राहतं. फॅमिली ग्रुपमध्ये चार शहरांचे नातेवाईक असतात आणि इमेजच्या कोपऱ्यातलं शहराचं नाव क्रॉप होऊन गेलेलं असतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्यामुळे गेल्या वर्षीची इमेज तर साफ चुकीची, पण तिच्यावर साल नसेल तर ओळखणार कोण?

म्हणून टाइमटेबल बनवणाऱ्या मशिदी, जमाती आणि ॲपवाल्यांनी शहर, हिजरी साल आणि इंग्रजी साल फक्त वर हेडिंगमध्ये ठेवू नये. वेळांच्या कॉलममध्येच, दर आठवड्याला एकदा, पुन्हा छापावं. कापलं तरी कुठेतरी राहतं. वेळा टेबलमध्ये साठवाव्यात आणि 'शेअर' दाबल्यावर त्या शहराची ताजी इमेज बनवावी, जुनी तयार इमेज देऊ नये. सोबत त्याच मेसेजमध्ये वेळा लिहूनही पाठवाव्यात. ज्यांना दिसत नाही ते फोनच्या आवाजावर मेसेज ऐकतात. टॉकबॅक लिहिलेला मजकूर वाचून दाखवतं, इमेजमधला मजकूर त्याच्या हाती नीट लागेलच असं नाही. साइटवर टाकताना इमेजचा मजकूर ऑल्ट टेक्स्टमध्ये द्यायचा तो यासाठीच.

इमेजवरून परत मजकूर काढायला ओसीआर आहे. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी आणि उर्दू दोन्ही घेतं. स्वच्छ छापलेल्या मराठीवर ते चांगलं काम देतं. नस्तालीकवर ते फार अडखळतं, आणि दबलेल्या जेपीजीवर आणखीच. मदरशाचे जुने निकाल, जमातीचे ठराव, वारसांच्या यादीसारखे कागद ज्यांनी फक्त इमेज करून ठेवलेत त्यांना ते हाताने टाइप करावे लागतील. इनपेजची किंवा वर्डची मूळ फाइल अजून डीटीपीवाल्याकडे असेल तर आत्ताच मागून घ्या.