फलंदाजाच्या बदल्यात गोलंदाज (आयपीएलमधील खेळाडूंची अदलाबदल)

फलंदाजाच्या बदल्यात गोलंदाज : फ्रँचाइजी क्रिकेटमध्ये एखाद्या संघाने आपला मातब्बर फलंदाज दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडून गोलंदाज घेण्याचा व्यवहार. बोलण्यात व बातम्यांत याला सरसकट ‘ट्रेड’ म्हणतात. इंडियन प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) २००९ च्या दुसऱ्या हंगामाआधी असे व्यवहार प्रथम झाले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा या विषयाशी थेट संबंध येतो. त्या पहिल्या फेरीत फलंदाजाच्या बदल्यात घेतला गेलेला झहीर खान श्रीरामपूरचा. दहा वर्षांनी दोन फिरकी गोलंदाजांसाठी सोडला गेलेला फलंदाज अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला. एकाच जिल्ह्यातल्या या दोन खेळाडूंच्या व्यवहारांवरून, असा सौदा कधी करावा आणि कधी टाळावा, हे चांगले तपासता येते.

आयपीएलमध्ये संघबांधणीचा मुख्य मार्ग लिलाव हा आहे. हंगाम संपल्यावर आणि पुढच्या लिलावाआधी ठरावीक मुदतीत संघांना आपसात खेळाडू बदलता येतात. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा केवळ रोख रक्कम, असे दोन्ही प्रकार चालतात. खेळाडूची संमती आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची मान्यता आवश्यक असते. खेळाडूने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केलेली चालत नाहीत. रवींद्र जडेजावर याच कारणाने २०१० च्या पूर्ण हंगामाची बंदी आली होती.

षटकांचा हिशेब. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटके मिळतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या १२० चेंडूंपैकी २४ चेंडू त्याच्या हातात. हा पाचवा हिस्सा त्याला जवळजवळ हमखास मिळतो. सलामीचा फलंदाज टिकला तर ५०-६० चेंडू खेळतो आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाला तर एकच. फलंदाजाचा सर्वोत्तम दिवस गोलंदाजाच्या सर्वोत्तम दिवसापेक्षा मोठा असतो, पण रोजचा भरवसा गोलंदाजाचा अधिक. शिवाय सगळी षटके सारख्या किमतीची नसतात. पहिली सहा षटके पॉवरप्लेची आणि अखेरची चार-पाच षटके निकालाची. ही षटके टाकू शकणारे भारतीय गोलंदाज थोडे असतात. अकरांत परदेशी खेळाडू चारच चालत असल्याने ही उणीव बाहेरून भरून काढायलाही मर्यादा येते. म्हणून नुसता गोलंदाज मिळतोय यावर सौदा ठरवणे चूक आहे. तो कोणती षटके टाकणार, यावर तो ठरवायला हवा.

बेसबॉलमधील पूर्वपीठिका. हा पेच अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फार जुना आहे. तिथे चेंडू फेकणाऱ्या पिचरसाठी हुकमी फलंदाज द्यावा की नाही, यावर हंगामच्या हंगाम वाद चालतात. १५ जून १९६४ रोजी शिकागो कब्जने लू ब्रॉक हा तरुण खेळाडू सेंट लुईस कार्डिनल्सला दिला आणि आदल्या वर्षी १८ विजय मिळवलेला पिचर अर्नी ब्रॉग्लिओ घेतला. ब्रॉकच्या साथीने कार्डिनल्सने त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली. ब्रॉग्लिओचा हात दुखावला आणि कब्जकडून त्याला सगळे मिळून सात विजय मिळाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६५ मध्ये, सिनसिनाटी रेड्सने फ्रँक रॉबिन्सन बाल्टिमोर ओरिओल्सला देऊन प्रामुख्याने मिल्ट पॅपस हा पिचर मिळवला. १९६६ मध्ये रॉबिन्सनने फलंदाजीच्या तिन्ही प्रमुख निकषांत पहिला क्रमांक पटकावला, ट्रिपल क्राउनचा मानकरी ठरला आणि बाल्टिमोर वर्ल्ड सीरिज जिंकले. अमेरिकेत फसलेल्या सौद्यांची चर्चा निघाली की ही दोन नावे आजही पुढे येतात.

मात्र ही उदाहरणे क्रिकेटला जशीच्या तशी लावता येत नाहीत. सुरुवातीचा पिचर साधारण पाच सामन्यांत एकदा उतरतो, तर फलंदाज रोज खेळतो. १६२ सामन्यांच्या हंगामात हा फरक प्रचंड होतो. आयपीएलमध्ये तंदुरुस्त गोलंदाज प्रत्येक सामना खेळू शकतो. त्यामुळे अमेरिकेत तोट्याचा ठरणारा सौदा इथे फायद्याचा ठरू शकतो. दुखापतीचा धोका तेवढा दोन्ही खेळांत सारखा आहे, आणि तो फलंदाजापेक्षा चेंडू टाकणाऱ्यालाच अधिक असतो.

झहीर खान आणि रॉबिन उथप्पा, २००९. झहीर खान यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे झाला. साखर कारखान्यांच्या या तालुक्यातून ते आधी मुंबईत क्लब क्रिकेटसाठी आणि मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेले. रणजी करंडकात ते बडोद्याकडून आणि २००६-०७ पासून मुंबईकडून खेळले. ९२ कसोटींत ३११ बळी ही त्यांची कारकीर्द.

२००८ च्या पहिल्या लिलावात बंगळूरने झहीरसाठी ४ लाख ५० हजार डॉलर मोजले होते. मुंबई इंडियन्सने उथप्पासाठी ८ लाख मोजले. एक भारताचा आघाडीचा वेगवान गोलंदाज, दुसरा धडाकेबाज पण अजून घडत असलेला फलंदाज, आणि फलंदाजाचा भाव जवळपास दुप्पट. बाजार फलंदाजीला जास्त पैसे देतो, हे या दोन आकड्यांत उघडे पडते. मुंबईने २००९ च्या हंगामाआधी महागडा फलंदाज देऊन हा गोलंदाज घेतला. सचिन तेंडुलकर, सनथ जयसूर्या यांच्यासारखे फलंदाज हाताशी होते. नव्या चेंडूने मारा करणारा आघाडीचा भारतीय गोलंदाज हवा होता. निर्णयामागचा विचार निर्दोष होता.

पहिल्या वर्षी मात्र तो फळला नाही. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या त्या हंगामात झहीरच्या खांद्याला दुखापत झाली आणि मुंबई सातव्या स्थानावर राहिली. तिकडे बंगळूर थेट अंतिम सामन्यात पोहोचले, तेही उथप्पाची बॅट फारशी चाललेली नसताना. झहीरची जागा अनिल कुंबळेने भरून काढली. त्याने त्या हंगामात २१ बळी घेतले. २०१० मध्ये चित्र पालटले. झहीर, लसिथ मलिंगा आणि हरभजनसिंग या त्रयीच्या जोरावर मुंबई गुणतक्त्यात अव्वल ठरली. उथप्पानेही बंगळूरकडून त्या वर्षी मधल्या फळीत येऊन तुफानी फटकेबाजी केली. आणि उपांत्य सामन्यात हेच दोन संघ नवी मुंबईत समोरासमोर आले. मुंबईने तो ३५ धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात चेन्नईने मुंबईला २२ धावांनी हरवले.

जानेवारी २०११ च्या लिलावात झहीर ९ लाख डॉलरला पुन्हा बंगळूरकडे गेला, तर उथप्पासाठी पुणे वॉरियर्सने २१ लाख डॉलर मोजले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. झहीरने आपली पहिली तीन षटके निर्धाव टाकली. स्पर्धेतील सर्वाधिक २१ बळींचा मान त्याने शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने मिळवला. गोलंदाजाला लिलावात अनेकदा कमी भाव मिळतो, म्हणून अदलाबदलीत त्याला घेणे हा पुष्कळदा फायद्याचा व्यवहार असतो, हे त्या एका वर्षातून दिसते.

याच फेरीत दिल्लीने शिखर धवन मुंबईला देऊन आशिष नेहरा घेतला. २००९ मध्ये नेहराने १९ बळी मिळवले आणि दिल्ली गुणतक्त्यात पहिली आली. धवनला त्या हंगामात मुंबईत जेमतेम संधी मिळाली. तोच धवन २०१८ च्या अखेरीस हैदराबादकडून दिल्लीत परतला. त्याच्या बदल्यात दिल्लीने विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा असे तिघे दिले. धवनने पुढच्या दोन हंगामांत ५२१ आणि ६१८ धावा केल्या.

अजिंक्य रहाणे, २०१९. रहाणे यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला. मूळ गाव चंदनापुरी, बालपण डोंबिवलीत. रणजी क्रिकेट मुंबईकडून. राजस्थान रॉयल्सचा तो सर्वांत भरवशाचा फलंदाज होता. १०० सामने, दोन शतके, २,८०० हून अधिक धावा. २०१८ मध्ये स्टीव्ह स्मिथवर बंदी आली तेव्हा संघाची धुरा त्याच्याकडेच आली. २० एप्रिल २०१९ रोजी, हंगाम अर्ध्यावर असताना, कर्णधारपद त्याच्याकडून काढून पुन्हा स्मिथला दिले गेले. दोनच दिवसांनी जयपूरला दिल्लीविरुद्ध त्याने ६३ चेंडूंत नाबाद १०५ धावा केल्या. ऋषभ पंतच्या नाबाद ७८ धावांमुळे सामना दिल्लीने नेला, पण खेळी दिल्लीवाल्यांच्या लक्षात राहिली असणार. नोव्हेंबरमध्ये त्याच दिल्लीने राहुल तेवतिया आणि मयंक मार्कंडे हे दोन लेगस्पिनर देऊन रहाणे घेतला.

राजस्थानची बाजू अगदीच लंगडी नव्हती. टी-ट्वेंटीत रहाणेच्या धावगतीवर नेहमी आक्षेप घेतला जाई. एका खेळाडूच्या बदल्यात दोन मिळत होते, दोघेही तरुण. मार्कंडेने २०१८ मध्ये मुंबईकडून १५ बळी घेतले होते. पण संघाची खरी दुखणी काय होती, हे पाहिले की सौद्यातली खोट कळते. लेगस्पिन ही राजस्थानची गरजच नव्हती. श्रेयस गोपाळने २०१९ मध्ये त्यांच्याकडून २० बळी घेतले होते. गरज होती अखेरच्या षटकांत जोफ्रा आर्चरला साथ देणाऱ्या भारतीय वेगवान गोलंदाजाची. ८ कोटी ४० लाखांना घेतलेला जयदेव उनाडकट त्या हंगामात षटकामागे दहाहून अधिक धावा देत होता. जे होते तेच आणखी दोन आणले गेले आणि त्यासाठी सलामीची खात्री घालवली.

२०२० चा हंगाम संयुक्त अरब अमिरातीत झाला. राजस्थानने सलामीला यशस्वी जैस्वाल, जोस बटलर, स्मिथ, बेन स्टोक्स आणि रॉबिन उथप्पा असे एकामागून एक प्रयोग केले. हो, २००९ मध्ये झहीरच्या बदल्यात गेलेला तोच उथप्पा. आर्चरने एकट्याने २० बळी घेतले. संघ शेवटच्या, आठव्या स्थानावर राहिला. मार्कंडेला फारशी संधीच मिळाली नाही.

तेवतियाने मात्र त्या हंगामाला एक अविस्मरणीय रात्र दिली. २७ सप्टेंबरला शारजात पंजाबविरुद्ध २२४ धावांचा पाठलाग. तो चौथ्या क्रमांकावर आला आणि पहिल्या १९ चेंडूंत अवघ्या आठ धावा. ५१ धावा तीन षटकांत हव्या असताना शेल्डन कॉट्रेलच्या हाती चेंडू आला. पहिल्या चार चेंडूंवर चार षटकार, पाचवा चेंडू हुकला, सहाव्यावर पुन्हा षटकार. राजस्थान तीन चेंडू राखून जिंकले. पण नोंद घेण्यासारखी गोष्ट ही की गोलंदाज म्हणून आणलेल्या खेळाडूची किंमत संघाला त्याच्या बॅटने वसूल करून दिली. दोन हंगामांनंतर तोही गुजरात टायटन्सकडे ९ कोटींना गेला.

दिल्लीचा हिशेब वेगळा होता. त्यांच्याकडे अमित मिश्रा आणि अक्षर पटेल होते, शिवाय त्याच नोव्हेंबरात पंजाबकडून आर. अश्विन मिळाला. फिरकीची कोठी भरलेली असल्याने दोन लेगस्पिनर देणे त्यांना परवडले. रहाणेने त्या हंगामात ९ सामन्यांत ११३ धावा केल्या. आकडा लहानच आहे. पण २ नोव्हेंबरला अबू धाबीत बंगळूरविरुद्ध, जिंकले तरच दुसरे स्थान पक्के होणार अशा सामन्यात, त्याने ६० धावा केल्या आणि दिल्लीने ते स्थान मिळवले. पुढे संघाने पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली.

त्या अंतिम सामन्यात दिल्लीलाही आपल्या एका सौद्याची किंमत मोजावी लागली. रहाणे घेतला त्याच आठवड्यात त्यांनी ट्रेंट बोल्ट मुंबईला दिला होता. कागिसो रबाडा असताना आणखी एक परदेशी वेगवान गोलंदाज कशाला, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण बोल्टने मुंबईसाठी त्या हंगामात २५ बळी घेतले. १० नोव्हेंबरला दुबईत त्याने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिसला बाद केले, आणि थोड्याच वेळात रहाणेला दोन धावांवर यष्टिरक्षकाकरवी झेलबाद. मुंबई जिंकली, बोल्ट सामनावीर ठरला.

पुढे राजस्थानला लेगस्पिनरची गरज पडली, तेव्हा तो २०२२ च्या लिलावात साडेसहा कोटींना मिळाला. यजुवेंद्र चहलने २७ बळी घेऊन सर्वाधिक बळींसाठीची पर्पल कॅप पटकावली आणि संघ अंतिम फेरीत गेला. त्यासाठी एकही फलंदाज द्यावा लागला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाच संघ पुन्हा त्याच वळणावर आला. संजू सॅमसन चेन्नईला देऊन त्यांनी रवींद्र जडेजा आणि सॅम करन हे दोन अष्टपैलू घेतले.

रहाणेला पुढे २०२३ च्या हंगामासाठी चेन्नईने ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतले. त्याने शंभर चेंडूंमागे १७२ च्या गतीने ३२६ धावा केल्या आणि संघ विजेता ठरला. ज्या धावगतीचा आक्षेप घेऊन राजस्थानात त्याच्यावर टीका होत होती, ती त्याच्या हाती होती. झहीरच्या वेळी मुंबईने आपल्याकडे नसलेली षटके घेतली, म्हणून तो सौदा दुसऱ्या वर्षी तरी फळाला आला. रहाणेच्या वेळी राजस्थानने आपल्याकडे असलेलीच षटके घेतली, आणि तो सौदा फसला.