गज कोणाचा, हात कोणाचा?

जुने ग्रंथ शिकवताना लांबीच्या मापाचा शब्द आला, की त्यापुढे कंसात आजचे माप लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. हात म्हणजे दीड फूट, गज म्हणजे एक यार्ड, असे लिहिले की अडचण संपली असे वाटते. आमच्या मते खरी अडचण तेथेच सुरू होते. जुन्या जगात माप हे केवळ लांबीचे नसे. ते कशाचे, कोठले आणि कोणाच्या हातातले, यावर त्याची लांबी ठरे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून आरंभ करू. तेथे आठ यवमध्यांचे एक अंगुल सांगितले आहे. किंवा मध्यम शरीराच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी, तेही अंगुलच. १२ अंगुलांची वितस्ती, म्हणजे आपली वीत, आणि २४ अंगुलांचा हात. अंगुल सुमारे पाऊण इंच धरले तर हा हात १८ इंचांचा होतो. येथवर सारे सरळ आहे. परंतु त्याच अध्यायात सुताराच्या करवतकामाचे आणि छावणी, दुर्ग, राजवाडा यांचे माप ४२ अंगुलांचे दिले आहे. आणि लाकूडफाट्याच्या रानासाठीचा हात चक्क ५४ अंगुलांचा. एकाच ग्रंथातला, एकाच नावाचा हात रानात शिरताच दुपटीहून मोठा होतो. तेव्हा 'हात' हा शब्द दिसताच १८ इंच लिहिणारा टीपकार अर्थशास्त्राचे एकच वाक्य वाचून थांबलेला असतो.

कापडाच्या व्यवहारात ही गोष्ट अधिक ठळक होते. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत याचे स्पष्ट वर्णन आहे. अकबराच्या राज्यात कापड मोजण्यासाठी ४६ बोटांचा अकबरशाही गज चाले, तर शेतजमीन आणि इमारती यांसाठी सिकंदरी गज. बादशहाने आपल्या कारकिर्दीच्या ३१ व्या वर्षी, १५८६ च्या सुमारास, हे वेगवेगळे गज रद्द करून ४१ बोटांचा इलाही गज सर्वत्र लागू केला. मापांच्या विविधतेने प्रजेची गैरसोय होते आणि लबाडांचेच तेवढे फावते, असे कारण अबुल फझल देतो. ४६ आणि ४१ या आकड्यांतील पाच बोटांचे अंतर विणकर, दलाल आणि गिऱ्हाईक यांच्यापैकी कोणाच्या तरी पदरात पडत होते, हे त्यावरून उघड होते.

हा इलाही गज इंचांत किती? बहुतेक पुस्तकांत ३३ इंच असे उत्तर मिळते. मात्र हा आकडा कोठून आला ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात जमिनीची मोजणी करताना इंग्रज अधिकाऱ्यांनी तो ठरवून घेतला. ३,६०० चौरस गजांचा बिघा या हिशेबाने ३,०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे बरोबर ५/८ एकराचा होतो. सारा आकारणाऱ्यांना याहून सोयीचा आकडा कोणता? हे माप वास्तवाच्या जवळचे असेलही. पण अकबराचा गज म्हणून आपण जो लिहितो, त्यावर कंपनी सरकारच्या कचेरीची मोहोर आहे.

शिवाय अकबराच्या सुधारणेने देशभरचे गज एक झाले नाहीत. इंग्रजी अमलात नोंदलेला बंगालचा गज ३६ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा, आणि आपल्या मुंबईचा २४ तसूंचा, म्हणजे अवघा २७ इंचांचा. आता १०० गज कापडाची नोंद घेऊ. बंगालच्या गजाने ते १०० वार भरेल, मुंबईच्या गजाने ७५ वार. मीटरमध्ये सांगायचे तर एकीकडे ९१.४४ आणि दुसरीकडे ६८.५८. डोळे मिटून 'एक गज म्हणजे एक यार्ड' लिहिणारा संपादक मुंबईच्या नोंदीत पंचवीस वार कापड फुकटचे घालतो. आणि त्यावरून कोणी किमतीचा अथवा विणकराच्या मजुरीचा हिशेब मांडला, तर तोही तितकाच फसतो.

आपल्या भाषेत ही जुनी मापे अजून नांदत आहेत. लुगडे पूर्वी हातांवर मोजत. १८ इंचांच्या हाताने १८ हात म्हणजे नऊ वार. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, तरी नऊवारीची कोणी 'सव्वाआठ मीटरी' केली नाही. माप नावात मुरले की ते मोजण्याचे काम सोडून वस्तूची ओळख होऊन बसते. 'टीचभर' आणि 'वीतभर' यांचेही तसेच झाले आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जुन्या ग्रंथातील माप आधी मूळ शब्दात ठेवावे. मग ते कोणत्या मालाचे, कोणत्या प्रांतातले आणि कोणत्या काळातले, हे विचारावे. त्यानंतरच आजचा आकडा द्यावा, आणि तो कोणत्या गजाने काढला तेही सांगावे. विद्यार्थ्यांना आपण शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावायला शिकवतो. मापाचा शब्द त्याला अपवाद का असावा?