शब्द कुठे तोडावा?

‘यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस’ ही यादी संगणकाला द्यावी आणि ‘अक्षर नसेल तिथे तोड’ असा नियम सांगावा. हाती येते ते असे : यवतम, ळ, वण, प, सद, द, ग, रस. गावे चार, तुकडे आठ! संगणक चुकलेला नाही; त्याने नियम पाळला. चूक नियमाच्या इतिहासात आहे.

मजकुराचा साचा सांगून तो शोधण्या-तोडण्याच्या या पद्धतीला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने 1951 मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याचा विचार करताना तिचा पाया घातला. 1968 मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती मजकूर शोधण्यासाठी वापरली. पुढे पर्ल आणि जावास्क्रिप्ट या भाषांतून ती वेबवर आली. जावास्क्रिप्टमध्ये ‘शब्दातले चिन्ह’ म्हणजे इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, दहा अंक आणि एक अधोरेषा, एवढेच. त्या व्याख्येत मराठीचे एकही अक्षर बसत नाही.

1991 च्या युनिकोडने देवनागरीला जागा दिली. पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना स्वतंत्र संकेत देऊन ‘अक्षर’ न म्हणता ‘चिन्ह’ या वर्गात ठेवले. आपण ‘मा’ एक अक्षर वाचतो, यंत्राला तिथे दोन संकेत दिसतात. म्हणून यवतमाळ नेमके कान्यावर तुटते. 2018 च्या जावास्क्रिप्ट मानकापासून अक्षर आणि चिन्ह हे दोन्ही वर्ग नियमात एकत्र लिहिता येतात. तसे लिहिले की चारही गावे अखंड राहतात. तरी ‘दऱ्या’मधला र काही जुन्या मजकुरांत अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला असतो. त्याचीही वेगळी सोय करावी लागते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मोडीत आधी रेघ ओढत आणि तिच्याखाली शब्दांत जागा न सोडता सलग लिहीत. तोडायचे काम वाचणाऱ्याचे. त्याला भाषा, गावे आणि आडनावे ठाऊक असावी लागत. संगणकाला ती माहिती नसते, नियम लिहिणाऱ्याला असायला हवी.

1905 पर्यंत यवतमाळ जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. उद्या कोणी जुन्या नोंदींत आजोबांचे गाव ‘वणी’ म्हणून शोधील. साठवताना त्याचे ‘वण’ झाले असेल, तर कागद असूनही उत्तर येईल : नोंद नाही.